दोन घागऱ्यांचा ताणा

लेम्सी, किह्नू बेट
१६ फेब्रुवारी १९६६

एल्वी,

तीन वर्षांनी आईचं अक्षर दिसलं म्हणून पाकीट न फोडता चुलीत घालू नकोस. माफी मागायला बसलेली नाही, आणि तुझ्याकडून मागून घ्यायलाही नाही. काम आहे म्हणून लिहिते.

मच्छीमार संस्थेच्या ऑफिसातून तुला तार गेली, ती मिळाली असेलच. तारेत 'बेपत्ता' एवढाच शब्द होता. बाकीचं मी सांगते. तुझा भाऊ आदू तीन तारखेला, गुरुवारी, वासिलकाका आणि युहानबरोबर सील मारायला गोठलेल्या समुद्रावर गेला. दरवर्षी जातात तसेच गेले. शुक्रवारी दुपारी वारा फिरला आणि बर्फाला चीर पडली. ते दोघे अलीकडे, आणि आदू मागे राहिलेली घसरगाडी आणायला पलीकडे गेलेला. वासिलकाका म्हणतात, चीर आधी उडी मारण्याएवढी होती, मग राहिली नाही. आदूने हात हलवून 'तुम्ही जा, जा' असं केलं. मग हिम पडायला लागलं आणि तो दिसेनासा झाला. हिम थांबल्यावर विमान दोन दिवस फिरलं. त्यांना सगळं पांढरं दिसलं. दुसरं काय दिसणार.

एवढंच आहे. दिवसातून दहा जणी दारात येऊन विचारतात आणि त्यांनाही मी एवढंच सांगते.

आता कामाचं. तुझी वहिनी लाल घागरा घालून गावभर फिरते आहे.

शहरात राहून विसरली असशील म्हणून सांगते. विसरतेस, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पोरीबाळींचा घागरा लाल पट्ट्यांचा. लग्न झालं की त्यावर पुढून एप्रन. घरातलं माणूस गेलं की काळा घागरा, त्यात लालाचा एक धागा नाही. मग वर्षं सरतील तशी पुढच्या घागऱ्यात एक बारीक लाल रेघ, त्याच्या पुढच्यात दोन, मग बोटभर पट्टा. इथे कोणी कोणाला 'आता बरं वाटतंय का' असं विचारत नाही. समोरून बाई आली की आधी घागरा बघायचा आणि मग तोंड उघडायचं, हसून की आवाज खाली करून, ते घागराच सांगतो. तुझे वडील जाऊन सात वर्षं झाली, आणि माझा लाल आत्ता कुठे दोन बोटांवर आलाय.

रोसीचा मात्र लग्नातला, लालभडक. वर माझ्याच मागावर बसून आणखी एक लाल विणते आहे. मी म्हटलं, "रोसी, लोक बोलतात गं." तर म्हणाली, "बोलू देत, आई. मी कोणासाठी काळा घालू? कोणी गेलंय का?" मी बादली उचलली आणि गोठ्यात गेले.

वीयू म्हातारीने गावाच्या वतीने निरोप दिलाय की चाळिसाव्या दिवसापर्यंत थांबू. चाळिसावा पंधरा मार्चला येतो. पाद्रीबाबा त्या दिवशी बर्फावरून येणार आहेत, प्रार्थना करायला. तोवर बायको काळ्यात हवी.

रोसी माझी सून व्हायच्या आधी तुझी मैत्रीण होती. शाळेत एका बाकावर बसून दोघींनी मिळून एक स्वेटर विणला होतात, एकीची बाही लांब आणि दुसरीची आखूड. ती तुझं ऐकते. तू तिला लिही की काळा घाल.

तू येऊ नकोस. येऊन काय करणार आहेस? नुसतं लिही.

गाय बरी आहे.

आई


२६ फेब्रुवारी

एल्वी,

तुझं पत्र आलं. म्हणजे रोसीला आलं. मी पाकीट दोन्ही बाजूंनी पाहिलं, माझं नाव कुठे नव्हतं. तिने चुलीपाशी बसून वाचून दाखवलं, मधलं मधलं गाळत. कुठे गाळते ते मला कळतं, तिथे ती उगाच खोकते. माझा उल्लेख दोनदा आला आणि दोन्ही वेळा 'तिला' असा.

आणि लिहिलंस काय, तर 'रोसी, तुझ्या मनाला येईल ते घाल.' धन्य आहे! मी तुला आग विझवायला हाक मारली आणि तू सरपण घेऊन आलीस. मनाला येईल ते घालायला हे काय तुमच्या गिरणीचं नाचपथक आहे?

हो, तो विषय काढणारच. वडिलांसाठी तू जो काळा घागरा घालत होतीस, तो तू गिरणीच्या नाचपथकाला देऊन टाकलास, पेटीत कसर लागते म्हणून. आणि मी चांगले बूट घालून, बर्फावरून, तीन तास प्रवास करून तुमचा नाच बघायला आले, तर दुसऱ्या रांगेत एक सोनेरी वेण्यांची पोर तुझ्या बापाचं सुतक अंगावर घेऊन उड्या मारत होती. दात काढून! मी उठून ओरडले, ते मान्य आहे. तुझ्या मुकादमासमोर तुला थोबाडीत दिली, तेही मान्य. पण तू म्हणालीस, "आई, कापड आहे ते." एल्वी, थोबाडीत बसलेली तू केव्हाच विसरली असशील. ते वाक्य मला अजून गिळता येत नाही.

असो. तुझा सल्ला तुझ्यापाशी, मी काळ्याची तयारी सुरू केली आहे. काळ्या मेंढीची लोकर कातून ठेवलेली होतीच, ती निळीत दोनदा बुडवली की हवी तशी गडद होते. चुलीमागे निळीचं भांडं लावलंय. त्यात काय घालावं लागतं ते तुला सांगायला नको, लहानपणी सकाळी उठल्या उठल्या लघवीला त्या भांड्याकडे पळायला लागायचं म्हणून तू रडायचीस. नीळ यंदा चढतच नाही. तिघांचं भांडं आता दोघींवर आलंय. आदू म्हणायचा, "आई, गावात कोणाला काही कळो न कळो, माझ्यावाचून तुझी नीळ अडते." खरोखर अडली आहे. वीयूने शेजारधर्म म्हणून तिच्या घरून बादली पाठवली. मी झाकण घालून घरात घेतली आणि मग तिथेच, बादलीशेजारी, रडू आलं. रडायला जागा तरी बरी शोधावी माणसाने.

गुरुवारी दुपारी वीयूकडे विणायला बसलो होतो, दहा-बारा जणी. बाहेर हिम दाराच्या मुठीपर्यंत चढलेलं. रोसीही आली, मांडीवर सुया आणि अर्धा मोजा घेऊन. तिचा घागरा दिसला आणि खोलीतलं बोलणं थांबलं. हेल्मी तिच्या नवऱ्याची काहीतरी गंमत सांगत होती, तिने वाक्य मध्येच सोडलं. मग तिलाच राहवेना.

"रोसी, अगं… आज हवा बरी आहे नाही?"

"वादळ आहे, हेल्मी," रोसी म्हणाली.

शेवटी वीयू म्हणाली, "पोरी, तू आम्हाला पेचात टाकतेस. लाल घालून येतेस, म्हणजे आम्ही तुझ्याशी हसून बोलायला हवं. कसं हसू?"

"मग हसू नका, वीयूआजी. रडूही नका. टाके मोजा."

"चाळिसाव्याला तरी…"

"चाळिसाव्याला आदू परत आला आणि मी काळ्यात दिसले, तर त्याला काय सांगू? तुम्ही सांगितलंत म्हणून तुला पुरला?"

ती सुया गुंडाळून उठली आणि गेली. माझ्याकडे तिने एकदा पाहिलं होतं. मी तिची बाजू घेतली नाही, एल्वी. मी मान खाली घालून टाके मोजत बसले. तीनदा मोजले आणि तीनदा वेगळे आले.

आता तिच्याशी कोणी बोलत नाही. द्वेषाने नाही, कसं बोलायचं तेच कोणाला कळत नाही. दुकानात जाते, लोक वाट देतात, संपलं. काळा घातला तर निदान बायका गळ्यात पडून रडतील तरी. तू तिला पुन्हा लिही. या वेळी नीट लिही.

आई


९ मार्च

एल्वी,

काल महिला दिन. संस्थेचे अध्यक्ष घरोघरी साबणाची वडी वाटत आले. आमच्या दारात रोसीच्या लाल घागऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि 'हार्दिक' म्हणून पुढचा शब्द विसरले. मग साबण उंबऱ्यावर ठेवून पळाले. गेल्या महिन्याभरात रोसी पहिल्यांदा हसली. मीही हसले. हसून झाल्यावर दोघींना एकमेकींची लाज वाटली.

त्यांच्या मागोमाग वासिलकाका आले. बर्फावरून परत आल्यापासून आमच्या दारात पहिल्यांदाच. बिचारा वाळलाय. टोपी हातात धरून दारातच उभा, आत ये म्हटलं तरी येईना. रोसीने त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं आणि विचारलं, "काका, तुम्ही त्याला पाण्यात पडताना पाहिलंत?"

"नाही गं पोरी. देवाशपथ नाही."

"मग झालं तर. तुम्ही स्वतः नाही का एकदा चार दिवस बर्फावर वाहत गेला होतात? आलात ना परत? काकूने काळा घातला होता?"

"अर्धा विणला होता," वासिलकाका म्हणाले. "मी आलो तेव्हा मागावरच होता. मग तिने त्याची घोड्याला झूल केली."

"बघा!" रोसी माझ्याकडे वळून म्हणाली.

"चार दिवस होते ते, रोसी," वासिलकाका हळूच म्हणाले. "आज तेहतीस झाले."

ती उठली आणि मागावर जाऊन बसली. धोटा इतका जोरात मारत होती की खिडकीतली काच थरथरत होती. वासिलकाका बसल्या जागी रडले, मी त्यांना गरम दूध दिलं, आणि ते गेले.

आज तिचा लाल पुरा झाला. तिने कापून घेतला, घडी करून पेटीत ठेवला. माग मोकळा झाल्याबरोबर मी काळ्या उभ्या धाग्यांचा ताणा लावला. दोन घागऱ्यांचा. एक तिचा आणि एक माझा, कारण मीही आई आहे आणि मलाही उतरायचंच आहे दोन बोटांवरून खाली. तू विचारशील, मग तुझ्याकडे जुना काळा पेटीत आहे तो का घालत नाहीस? तो तुझ्या वडिलांच्या सुतकाचा आहे. एकाचं दुःख दुसऱ्यासाठी वापरत नाहीत. आणि बायकोच्या आधी आईने काळा घालणं बरं दिसत नाही. असं मी सगळ्यांना सांगते.

रोसीने ताणा लावायला हात लावला नाही. एरवी एकीने धागा द्यायचा आणि दुसरीने ओढून घ्यायचा, दोघींशिवाय ते काम होत नाही. मी धाग्याचं एक टोक दाराच्या कडीला बांधून एकटीने लावला. वाकडा लागलाय. तिने वळून पाहिलं, वाकडा आहे हे तिच्या तोंडावर दिसलं, तरी बोलली नाही.

तुला वाटत असेल की आई निर्दय आहे, गावाला घाबरते. घाबरते थोडी, नाही म्हणत नाही. पण दुसरंही आहे. आज तिच्या अंगावर जो लाल आहे, तो लाल नव्हेच. आत शिरलेल्या काळ्यावर ओढलेलं पांघरूण आहे. काळा घातला तर एक दिवस त्यात एक रेघ येईल, मग दोन. ती चोवीस वर्षांची आहे, पदरी मूल नाही. तरुण बाईचा लाल माझ्यापेक्षा लवकर चढतो, चार-पाच वर्षांत ती पुन्हा लालापर्यंत पोचेल आणि कोणीतरी बरा माणूस बघून दुसरं घर करील. करू दे. पण काळ्यातून सुरुवातच केली नाही, तर ती कुठेच पोचणार नाही. माझ्या चुलीपाशी बसून साठीची होईल, लाल घागऱ्यात.

हे लिहून पुन्हा वाचलं. भल्या सासूचं वाक्य वाटतं. त्यातलं खरं किती, मला सांगता येणार नाही.

आणखी एक लिहायचं आहे. दोन पत्रं टाळलं.

आदूच्या नव्या स्वेटरला खालची लाल किनार नव्हती. पुरुषाच्या स्वेटरला कमरेशी लाल ओळी घालतातच, पाण्यातलं वाईट वर चढू नये म्हणून. मंजिष्ठेची लाल लोकर नाताळच्या आधीच संपली होती. रोसीने तिच्या घागऱ्यासाठीची वेगळी ठेवलेली, ती मी मागितली नाही. माझी शेवटची लड मी तुझ्या हातमोज्यांत घातली होती. नाताळला रोसीकडून पत्ता लिहून घेऊन पाठवले ते. तू पोचसुद्धा दिली नाहीस.

आदूला म्हटलं, थांब, किनार राहिली आहे. तर म्हणाला, "आई, सील काय माझी कंबर बघणार आहेत? आल्यावर घाल." मी बरं म्हटलं.

तुला दोष द्यायला लिहीत नाही. खोटं. थोडं त्याच्यासाठीच लिहिते आहे. पण लड मी संपवली, बरं मी म्हटलं, आणि त्याला जाऊही मीच दिलं. रोसीने ती किनार नसलेली पाहिलीच असणार, तिची नजर माझ्यापेक्षा बारीक आहे. ती बोलत नाही, मी बोलत नाही. दोघी एका चुलीवर बटाटे उकडतो आणि खारे मासे खातो.

हातमोजे फेकून दिले नसलेस तर घाल. तिकडेही थंडी असेल.

आई


१६ मार्च

एल्वी,

काल चाळिसावा झाला. जे झालं ते तुला गावातून कोणीतरी तिखटमीठ लावून कळवेलच, त्याआधी मीच सांगते.

काळा अर्धाच झालाय. माझ्या बोटांचे सांधे सुजलेत, दिवसाला वीतभरही विणून होत नाही. म्हणून मी शेवटी रोसीला म्हटलं होतं की आज वीयूकडून उसना काळा आणते, तो घाल. तिने मान हलवली, नाही म्हणून. मग मीही माझा रोजचाच घातला, दोन बोटांचा. दोघी तशाच चर्चला गेलो.

तुला आठवतं ना, पाद्रीबाबा आधी मेजापाशी बसतात, पुढ्यात दोन कागद घेऊन. एकावर जिवंतांची नावं, आजारी, प्रवासात असलेले, सैन्यात गेलेले. दुसऱ्यावर मेलेल्यांची. बायका रांगेने जाऊन नावं सांगतात आणि मग ते दोन्ही याद्या वाचून प्रार्थना करतात. माझ्या पुढे वीयू होती. तिने गोवर आलेल्या नातवाचं नाव पहिल्या कागदावर घातलं आणि नवऱ्याचं दुसऱ्यावर. मग माझी पाळी आली.

मी घरून ठरवून आले होते. महिनाभर गावभर सांगत फिरले होते, सुनेला टोचून टोचून हैराण केलं होतं, तुला पत्रावर पत्रं पाठवली होती. काय सांगायचं ते पाठ होतं.

पाद्रीबाबांनी पेन्सिल उचलली. "काद्री, आदूचं नाव कुठे घालू?"

मी म्हटलं, "तो बाहेर थंडीत आहे, बाबा."

"म्हणजे कुठल्या कागदावर?"

मागे सगळं गाव उभं. कोणाच्या तरी बुटातून हिम वितळून ठिबकत होतं. पाद्रीबाबा चांगला माणूस आहे. त्यांनी पेन्सिल दुसऱ्या कागदाजवळ नेली आणि माझ्याकडे बघत थांबले, मला बोलायला लागू नये म्हणून. मी नुसती मान हलवायची होती.

मी त्यांचं मनगट धरलं आणि ओढून पहिल्या कागदावर आणलं.

"इथे," मी म्हटलं. "जिवंतांत."

वीयूने 'देवा' म्हटलं. मी वळले तर रोसी माझ्या मागेच उभी होती. मला वाटलं, ही आता खूश होईल, जिंकली शेवटी. पण ती खूश नव्हती. बर्फावर घसरून पडलेल्या म्हाताऱ्या गाईकडे बघतात तशी ती माझ्याकडे बघत होती.

वीयूच्या नातवानंतर आदूचं नाव वाचलं गेलं. 'आरोग्य आणि दीर्घायुष्य' असं. मी क्रूसाची खूण केली आणि आमेन म्हटलं.

परत येताना रोसीने माझा दंड धरला होता. घरी आल्यावर म्हणाली, "आई, तुम्ही तर…" मी म्हटलं, "तू गप्प बस." मागाकडे दोघींपैकी कोणी गेलं नाही.

तू माझ्या जागी असतीस तर काय सांगितलं असतंस? खरंच विचारते. टोमणा नाही.

आई


२९ मार्च

एल्वी,

बर्फाचा रस्ता उद्यापासून बंद. कडेला पाणी दिसायला लागलंय, आणि आज दुपारी टपालाची शेवटची घसरगाडी जाईल. म्हणून घाईत लिहिते. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

तुझं पत्र आठ दिवसांपूर्वी मिळालं. पाकिटावर माझं नाव होतं. आत एकच ओळ, 'आई, येऊ का?' मी उत्तर दिलं नाही, कारण तू येणार कशाला, तेही लिहायला लागलं असतं. मयताला ये म्हणू, की माझ्याबरोबर वाट बघायला ये म्हणू? कागद घेऊन चारदा बसले आणि चारदा उठले. तेवढ्यात रस्ता गेला.

चर्चमधल्या त्या दिवसानंतर मी मागाला हात लावला नाही. गेल्या आठवड्यात मेंढ्या व्यायला लागल्या, मी दिवसभर गोठ्यातच होते. तिथून मागाचा आवाज यायचा, ठक्, ठक्. मला वाटलं, रोसीने माझा काळा उतरवून पुन्हा लाल लावला. मला बरं वाटायचं तो आवाज ऐकून. घरात आले की मागावर चादर टाकलेली असायची, धूळ बसू नये म्हणून. मी ती उचलून पाहिली नाही.

आज सकाळी मी चुलीत लाकडं घालत होते. मागे दार वाजलं. वळून बघते तर रोसी, हातात दुधाची बादली, आणि अंगावर काळा घागरा. वर एप्रन. एक धागा लाल नाही. कमरेच्या चुण्या सारख्या बसलेल्या, वाकडा ताणासुद्धा तिने कुठेतरी सांभाळून घेतलेला.

"काढ तो," मी म्हटलं.

"आई…"

"काढ म्हणते ना! आत्ताच्या आत्ता काढ!"

मी तिच्या अंगावर धावून गेले, एल्वी. घागऱ्याचा घेर दोन्ही मुठींत धरून ओढला, फाटेल इतका. बादली पडली, दूध सगळं जमिनीवर. ती हलली नाही.

"आई, महिनाभर तुम्हीच सांगत होतात."

"तू ऐकत नव्हतीस म्हणून सांगत होते!"

बोलून गेले आणि मग मला कळलं मी काय बोलले. रोसी, तू नाही म्हणत होतीस, तोवर मला हो म्हणता येत होतं. तू त्याला धरून ठेवला होतास, म्हणून मला शहाणपण सुचत होतं. हे मी तिला म्हटलं की नुसतं मनात आलं, ते आठवत नाही. मी घेर धरून तिथेच बसले, सांडलेल्या दुधात.

तीही माझ्यासमोर बसली. म्हणाली, "ते मला पाद्रीबाबांसमोरच कळलं, आई. आपल्यापैकी एकीला घालायलाच हवा होता. तुम्हाला जमणार नाही, म्हणून मी घातला."

"त्याला पुरलास तू."

"हो," ती म्हणाली. एवढंच. मग तिचा बांध फुटला. पन्नास दिवसांत पहिल्यांदा ती रडताना ऐकली. मला तिला जवळ घेता आलं नाही. मुठी सुटतच नव्हत्या.

थोड्या वेळाने तिने उठून जमीन पुसली. मग आतून दुसरा घागरा आणला. ताणा दोघींचा होता ना, तिने तोही पुरा केलाय. माझ्या मापाचा, उंचीला थोडा आखूड, चिखलात लोळू नये म्हणून. पलंगावर घडी करून ठेवला आणि म्हणाली, "घाई नाही, आई."

घाई नाही! काळा घातला, तर मी त्याचं नाव माझ्या हाताने दुसऱ्या कागदावर घालते. दोन बोटांचा घातला, तर गावासमोर तिला खोटं पाडते, आणि पोर चोवीस वर्षांची, काळ्यात एकटी उभी राहते. दोन्ही समोर आहेत, एक पलंगावर आणि एक खिळ्याला. मी सकाळपासून आतल्या पांढऱ्या परकरावर बसून आहे. वीयू येऊन दार वाजवून गेली, मी उघडलं नाही. गोठ्यात एक मेंढी अडली आहे, तिचं ओरडणं ऐकू येतंय, पण अंगण ओलांडायला अंगावर घागरा लागतो.

रोसी पत्र घेऊन जायला दारात थांबली आहे. मी तिच्याकडे न बघता लिहिते आहे.

पहिल्या बोटीने ये. ती तीन आठवड्यांनी सुटेल, कदाचित चार. तोवर मी कोणता घालू ते लिहून कळव, असं म्हणणार होते, पण तुझं पत्रही त्याच बोटीने येईल.

आई